बारा ड्रायव्हर, एक कान

साडेतीनशे डॉलर, तेराशे डॉलर, दोन हजार डॉलर. एटिमॉटिकचा ईआर-४एसआर, सेनहायझरचा आयई ९०० आणि ६४ ऑडिओचा यू१२टी हे तीन इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत घालायचे इअरफोन, बाजारात आले तेव्हाच्या या साधारण किमती. पहिल्यात प्रत्येक कानासाठी एक ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा भाग), दुसऱ्यातही एकच, तिसऱ्यात बारा. दीड लाखाच्या वर पैसे मोजायचे तर बारा मिळताहेत ना, असा हिशेब कुणीही करेल. पण इन-इअर निवडताना सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा कुठला असेल, तर तो हाच.

डायनॅमिक ड्रायव्हर ही लाउडस्पीकरचीच छोटी आवृत्ती. पातळ पडद्याला चिकटवलेली तारेची गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात पुढेमागे हलते आणि पडदा हवा ढकलतो. आयई ९०० मध्ये असा एकच ७ मिलिमीटरचा ड्रायव्हर आहे. बॅलन्स्ड आर्मेचर ही मूळची श्रवणयंत्रांतली चीज. चुंबकांच्या मधोमध तोललेली बारीकशी धातूची पट्टी, तिच्याभोवती वेटोळं. वीज वाहिली की पट्टी एका बाजूला झुकते आणि तिला जोडलेली काडी इवलासा पडदा हलवते. थोडक्या विजेत भरपूर आवाज मिळतो. श्रवणशास्त्रज्ञ मीड किलियन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यात एटिमॉटिक रिसर्च सुरू केली आणि १९९१ मध्ये याच तंत्राचा ईआर-४ आणला. आजचा ईआर-४एसआर त्याचाच वंशज.

आर्मेचर एकापेक्षा जास्त घेतले की काम वाटून देता येतं. खर्ज एकाकडे, मधले स्वर दुसऱ्याकडे, वरचे तिसऱ्याकडे. मात्र वाटणी झाली की सीमेवरचे तंटे आलेच. दोन ड्रायव्हर एकच स्वर वाजवत असतील आणि त्यांच्या लहरी किंचित मागेपुढे पोहोचल्या, तर त्या एकमेकींना खोडतात. बारा ड्रायव्हरना एका सुरात आणणं ही मोठी कारागिरी आहे. पण बारा ड्रायव्हर आहेत म्हणून ती कारागिरी साधली आहे, असं होत नाही.

शिवाय या यंत्राचा एक भाग कारखान्यात बनतच नाही. तो आपल्याकडे जन्मापासून असतो.

कानाच्या भोकापासून कानाच्या पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. एक टोक उघडं, दुसरं पडद्याने बंद. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती आपल्याच एका सुरात घुमते, तशी ही नळीसुद्धा ३,००० हर्ट्‌झच्या आसपास घुमते आणि त्या पट्ट्यातले आवाज मोठे करते. मेंदूला याची जन्मभराची सवय असते. इन-इअर आत बसवला की नळीचं उघडं टोक बुजतं आणि हे घुमणं संपतं. मग तोच उठाव इअरफोनला स्वतःच्या आवाजात घालावा लागतो, नाहीतर गायकाचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा लागतो. आता दोन्ही टोकं बंद असल्याने नळी वेगळ्याच, बऱ्याच वरच्या सुरात घुमते. इअरफोनचं तोंड आणि कानाचा पडदा यांच्यात २ सेंटिमीटर अंतर असेल तर गणिताने हा सूर साडेआठ हजार हर्ट्‌झच्या आसपास येतो. दीडच सेंटिमीटर उरलं तर अकरा हजारांच्या वर. म्हणजे अर्धा सेंटिमीटर आत-बाहेर झालं तरी ‘स’ आणि ‘श’ची धार बदलते. एकच इअरफोन मित्राला गोड आणि आपल्याला टोचरा का लागतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे. आयई ९०० च्या ॲल्युमिनियमच्या कवचात तीन छोट्या पोकळ्या कोरल्या आहेत, त्या असेच वरचे उंचवटे शोषून घेण्यासाठी. पैसे कुठे गेले ते दाखवायला मला बारा ड्रायव्हरपेक्षा या तीन पोकळ्या जास्त पटतात.

लोकांना प्रत्यक्षात कुठला आवाज आवडतो, हे ऑडिओ उपकरणं बनवणाऱ्या हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं तपासलं. युक्ती छान होती. एकच इन-इअर कानात घालायचा आणि त्याचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बदलून निरनिराळ्या मॉडेलांसारखा करायचा. ऐकणाऱ्याला ना नाव कळतं, ना किंमत, ना डबीवरची सोनेरी अक्षरं. त्यातून बहुतेकांना रुचणारा, कुठला स्वर किती मोठा हवा हे दाखवणारा एक आलेख निघाला. बेसबाबत मात्र आवडी फाटल्या, काहींना जास्त हवा, काहींना कमी. पुढे २०१७ मध्ये ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांचे आलेख किमतीशी ताडून पाहिले. त्यांत इन-इअरही होते. किंमत आणि कुठला स्वर किती मोठा वाजतो याचा आलेख, यांच्यात त्यांना संबंध सापडला नाही. आलेख म्हणजे सगळा आवाज नव्हे, हे खरं. तरी दोन हजार डॉलर मोजणाऱ्याने हा निष्कर्ष खिशात ठेवून दुकानात शिरावं.

दुकानात सगळ्यात आधी बघायचं ते टिप्सचं, म्हणजे इअरफोनच्या तोंडावरच्या मऊ टोप्यांचं माप. टिप आणि नळीची कातडी यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी खर्जाची हवा तिथून निसटते आणि बेस १०-२० डेसिबलनेही पडू शकतो. ‘महागडा आहे, पण बेसच नाही’ ही तक्रार बऱ्याचदा टिपची असते, इअरफोनची नसते. दोन कानांना दोन मापं लागणं अगदी सामान्य आहे.

तपासायला तानपुऱ्यासारखी वस्तू नाही. काळी एकचा मर्दानी तानपुरा असेल तर खर्जाची तार ६९ हर्ट्‌झच्या आसपास बोलते. ती पोकळ लागली तर फट आहे, टिप बदला. आणि जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला घासून येणाऱ्या झंकारामुळे, त्याच तारेतून वरच्या स्वरांचा जो झरा सुटतो, त्याने वरची बाजू तपासता येते. या अनोख्या स्वरांवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये निबंध लिहिला होता. तार जिथे छेडली तिथल्या नियमाने जे स्वर उमटायलाच नकोत, तेही तानपुऱ्यात ठणठणीत उमटतात, हे त्यांनी नोंदवलं. जवारी एकसंध न वाटता तिच्यातला एखादाच स्वर सुईसारखा पुढे येत असेल, तर इअरफोन थोडा आत सरकवून पाहा. तबल्याच्या बायाँवर तळहात सरकवून काढलेला घिस्सा ऐकलात तर बेस नुसता मोठा आहे की आकारही राखतो, तेही कळेल.

दोन इअरफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा इअरफोन कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. यावर कित्येक खरेद्या झाल्या आहेत.

ॲम्प्लिफायरचा बाऊ मात्र फार करतात. आर्मेचरच्या काही संचांचा विद्युतरोध प्रत्येक स्वराला बदलतो, त्यामुळे ज्याच्या स्वतःच्या आउटपुटचा रोध जास्त आहे अशा उपकरणाला ते जोडले की आवाजाचा तोलच बदलतो. कॅम्पफायर कंपनीचा अँड्रोमेडा हा इन-इअर यासाठी प्रसिद्ध आहे. यू१२टीमध्ये हा रोध सपाट ठेवायची सोय आहे आणि एका डायनॅमिक ड्रायव्हरला हा त्रास जवळपास नसतोच. आपल्या तिन्ही इन-इअरसाठी ॲपलचा नऊ डॉलरचा डाँगल, म्हणजे फोनला इअरफोन जोडायचा छोटा ॲडॉप्टर, पुरतो. उरलेले पैसे टिप्सवर घाला.

आता निवड. ईआर-४एसआर नळीत खोल जातो, काहींना ते सहनच होत नाही. पण बाहेरचा गोंगाट ३५ डेसिबलपर्यंत अडतो. यू१२टीमध्ये कानातला हवेचा दाब कमी करणारी, बदलता येणारी छोटी खिडकी आहे, म्हणून तासन्‌तास घालता येतो, पण गोंगाट १५ ते २० डेसिबलच अडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबल जास्तीत जास्त ४० तास ऐकावं, ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. विरारच्या लोकलमध्ये ऐकणारा गोंगाटावर मात करायला आवाज वाढवणारच, त्यामुळे त्याने तिघांतला सगळ्यात स्वस्त घ्यावा. घरी शांत खोलीत ऐकणाऱ्याला, बेसची भूक असेल तर, मी आयई ९०० सुचवेन. यू१२टी ज्याच्या कानात तीन तासांनंतरही दुखत नाही, त्याने तो घ्यावा. ड्रायव्हर मोजायची गरज नाही.