एमबीएआधीच्या उन्हाळ्यातले कन्सल्टिंग प्रोग्राम: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएचे वर्ग साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात. दसरा-दिवाळीपर्यंत कन्सल्टिंग, म्हणजे उद्योगांना सल्ला देणाऱ्या, कंपन्यांची माहितीसत्रं आणि कॉफी चॅट (अनौपचारिक गप्पा) जोरात असतात आणि जानेवारीत पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपच्या मुलाखती होतात. वर्गात नीट बसायच्या आत नोकरीची धावपळ सुरू! त्यामुळे प्रवेश मिळालेल्यांना वर्ग भरण्याआधीच गाठायचं, असं या कंपन्यांनी ठरवलं. मॅकिन्झीचा ‘अर्ली ॲक्सेस’, बीसीजीचा ‘अनलॉक’, बेनचा ‘एक्स्पीरियन्स बेन’ ही अशा प्रोग्रामची नेहमी कानावर पडणारी नावं. नावं, तारखा आणि स्वरूप दरवर्षी थोडंफार बदलतं. म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या सीनियरचा स्क्रीनशॉट प्रमाण मानू नका, कंपनीच्या करिअर पानावरचा यंदाचा मजकूर वाचा.

प्रोग्राम म्हणजे काय? एक ते तीन दिवसांचं शिबिर म्हणा. त्यात केस इंटरव्ह्यू, म्हणजे धंद्यातली एखादी अडचण सोडवून दाखवायची मुलाखत, कसा सोडवायचा याचं वर्कशॉप असतं, सल्लागारांबरोबर सराव असतो, ऑफिसांची ओळख असते आणि बहुतेक ठिकाणी नंतर विचारपूस करायला एखादा मार्गदर्शक मिळतो. ही इंटर्नशिप नव्हे, पगार नसतो. काही कंपन्या सहभागी झालेल्यांना इंटर्नशिपच्या मुलाखतीची संधी लवकर देतात आणि खरी चुरस त्यासाठीच असते. निवड झाली नाही तरी हिवाळ्यातल्या नेहमीच्या भरतीचा अर्ज सहसा बंद होत नाही. अर्जाला फी नसते. ‘तुमचा अर्ज पुढे सरकवून देतो’ म्हणत कोणी पैसे मागितले, तर तो कंपनीचा माणूस नाही.

पात्रता

पहिली अट सगळीकडे सारखी: त्या वर्षीच्या शरद सत्रात सुरू होणाऱ्या पूर्णवेळ एमबीएला प्रवेश पक्का हवा. पक्का म्हणजे बहुतेक ठिकाणी ऑफर स्वीकारून डिपॉझिट भरलेलं. वेटलिस्टवर असाल तर थांबावं लागतं. दोन शाळांची ऑफर हातात ठेवून अजून विचार चालू असेल, तर फॉर्ममध्ये जिथे जायची शक्यता जास्त तीच एक शाळा लिहा. नंतर बदल झाला तर लगेच ईमेल करा, कारण निवड झालेल्यांची नावं कंपनीकडून शाळेच्या करिअर सेंटरला कळू शकतात आणि तिथे घोळ दिसला तर तो तुमच्या नावावर जमा होतो.

एक वर्षाच्या एमबीएत मधली उन्हाळी इंटर्नशिपच नसते, त्यामुळे ते विद्यार्थी अनेकदा या अटीत बसत नाहीत. पार्ट-टाइम आणि एक्झिक्युटिव्ह एमबीएवाले बहुधा बाहेरच. पूर्वी कन्सल्टिंगमध्ये काम केलेल्यांना काही ठिकाणी वगळतात, कारण हा प्रोग्राम या क्षेत्राची ओळख नसलेल्यांसाठी आहे. गुरुग्राम किंवा पुण्यातल्या एखाद्या बॅक-ऑफिस संशोधन केंद्रातला अनुभव ‘कन्सल्टिंग’ धरायचा का, हे अटीच्या शब्दांवर ठरतं. शब्द संदिग्ध असतील तर रिक्रूटरला दोन ओळींची ईमेल टाका, स्वतःच अर्थ लावत बसू नका.

याच्या शेजारी संस्थांचे मार्गही आहेत. सेंट लुइसमधली ‘कन्सॉर्शियम फॉर ग्रॅज्युएट स्टडी इन मॅनेजमेंट’ ही १९६६ पासूनची संस्था. तिच्या सदस्यांसाठी वर्ग सुरू होण्याआधी ओरिएंटेशन होतं आणि तिथे कंपन्या थेट भेटतात. पण सदस्यत्व एमबीएच्या अर्जाबरोबरच मागावं लागतं, प्रवेश मिळाल्यावर नाही. शिवाय ते मुख्यतः अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी घरातल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावं, पुण्याहून एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जाणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. स्त्रियांसाठी ‘फोर्टे’ ही संस्था आहे. तिची फेलोशिप सहभागी शाळांमार्फत मिळते, म्हणून आपली शाळा यादीत आहे का ते आधी पाहा.

व्हिसाचं गणित

भारतातून जाणाऱ्यांचं गाडं बहुतेक इथेच अडतं, आणि कंपनीच्या पानावर याबद्दल फार तर एखादी ओळ असते.

एफ-१ व्हिसा अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपासून मिळू शकतो. पण अमेरिकेत पाऊल ठेवता येतं ते आय-२० वरच्या, म्हणजे व्हिसासाठी शाळा देते त्या फॉर्मवरच्या, प्रोग्राम स्टार्ट डेटच्या फक्त ३० दिवस आधीपासून. समजा आय-२० वर १८ ऑगस्ट ही तारीख आहे. तर लवकरात लवकर १९ जुलैला उतरता येईल. शिबिर शिकागोत २० जूनला असेल, तर पासपोर्टवर व्हिसा चिकटलेला असूनही त्या व्हिसावर जाता येत नाही. म्हणून फॉर्म भरायला बसण्याआधी आय-२० काढा, तारखेला गोल करा आणि ३० दिवस मागे मोजा. स्वीकृतीनंतर शाळेकडून आय-२० यायला वेळ लागतो. तो आला नसेल तर शाळेच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याला, म्हणजे डीएसओला, नियोजित तारीख विचारा.

‘मग बी-१/बी-२ वर जाऊन येतो’ असं काहींना सुचतं. व्हिजिटर व्हिसा आधीच असेल आणि कार्यक्रम निव्वळ विनावेतन वर्कशॉपचा असेल, तर शक्यता विचारात घेता येते, पण डीएसओला विचारल्याशिवाय नाही. तिथे राहूनच व्हिजिटरचं स्टेटस विद्यार्थ्यात बदलून घेऊ, हा विचार मात्र सोडून द्या. ती प्रक्रिया महिनोन्‌महिने चालते आणि तोवर वर्ग सुरू झालेले असतात.

वर्ग सुरू होण्याआधी एफ-१ वर अमेरिकेत कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. कन्सल्टिंगच्या शिबिरांबरोबरच ‘प्री-एमबीए इंटर्नशिप’ नावाचं वेगळं प्रकरण इंटरनेटवर दिसतं. त्यात प्रत्यक्ष काम असतं, आणि ते अमेरिकेत बसून करणं एफ-१ वाल्यांना परवडणारं नाही. सीपीटी, म्हणजे शिकत असताना इंटर्नशिप करायचा परवाना, साधारण एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळतो, म्हणून खरी इंटर्नशिप पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात येते.

राहिला ऑनलाइन मार्ग. काही प्रोग्राम पूर्ण ऑनलाइन असतात, काहींत दोन्ही पर्याय असतात. फॉर्ममध्ये पर्याय विचारला असेल तर आपल्या तारखा पाहून खरं ते निवडा. ‘प्रत्यक्ष येईन’ लिहून जूनमध्ये मागे हटलात, तर ती जागा दुसऱ्या कोणाला मिळालेली नसते आणि रिक्रूटरच्या ते लक्षात राहतं.

केव्हा भरायचा

अर्जाची खिडकी साधारण वसंतात उघडते आणि कार्यक्रम उन्हाळ्यात होतात. एमबीए प्रवेशाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे डिसेंबरमध्ये निकाल लागलेल्यांना तयारीला भरपूर वेळ मिळतो. दुसऱ्या फेरीचे निकाल बहुधा मार्चअखेरीस येतात आणि तिथून काही प्रोग्रामना थोडेच आठवडे उरतात. तिसऱ्या फेरीत प्रवेश मिळाल्यावर शोधायला लागणं म्हणजे वरातीमागून घोडं. रेझ्युमे आणि छोटा निबंध निकालाची वाट न पाहता फेब्रुवारीतच लिहून ठेवा.

अंतिम वेळ अमेरिकेच्या घड्याळावर असते. ‘रात्री ११:५९ ईस्टर्न’ म्हणजे उन्हाळी वेळेत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९, सेंट्रलला १०:२९ आणि पॅसिफिकला दुपारी १२:२९. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते. त्याआधीची मुदत असेल तर या प्रत्येक वेळेत एक तास मिळवा. निवड झालीच तर हेच गणित उलटं लागतं: ईस्टर्नच्या संध्याकाळी ६ चं सत्र आपल्याकडे पहाटे ३:३० ला.

कागदपत्रं आणि फॉर्म

यादी लहान असते: एक पानी रेझ्युमे, एमबीए प्रवेशाचा तपशील, पदवीचे गुण, विचारला तर जीमॅट किंवा जीआरई स्कोअर, ऑफिसची पसंती आणि ‘कन्सल्टिंगच का’ छापाचा लहान निबंध किंवा रेकॉर्ड केलेलं व्हिडिओ उत्तर. बारीकसारीक चुका मात्र पुष्कळ होतात.

नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं आणि अनेकांच्या पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’च्याच रकान्यात छापलेलं असतं. मग आय-२० वर पहिलं नाव ‘अनिकेत रमेश’ आणि आडनाव ‘पाटील’ असं उतरतं. कंपनीच्या फॉर्ममध्ये तुम्ही ‘अनिकेत पाटील’ लिहिलंत, तर विमानाचं तिकीट काढताना मेळ बसत नाही. कायदेशीर नावाच्या रकान्यात पासपोर्टचं नाव आणि ‘प्रिफर्ड नेम’मध्ये हाक मारायचं नाव घाला. लग्नानंतर पासपोर्ट बदललेला नसेल तर जुनंच नाव चालवा, मध्येच बदलू नका.

ईमेल वैयक्तिक द्या. सध्याच्या कंपनीचा पत्ता राजीनाम्यानंतर बंद होतो आणि शाळेचा पत्ता अजून सुरू झालेला नसतो. त्या कंपनीत पूर्वी कधी अर्ज केला असेल तर जुन्याच लॉगिनने आत जा. दोन प्रोफाइल झाले की सिस्टिम कधीकधी त्यांची गाठ घालते, आणि जुना रेझ्युमे नव्याच्या जागी जाऊन बसू शकतो.

गुण जसे आहेत तसे द्या: ‘८.१/१०’ किंवा ‘७२ टक्के, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन’. चारच्या मापात स्वतः रूपांतर करू नका. ८.१ ला दहाने भागून चारने गुणलं की ३.२४ येतं, आणि आपल्याकडचा चांगला विद्यार्थी तिथे मधला दिसू लागतो. फॉर्म चारचंच माप मागत असेल तर ‘लागू नाही’चा पर्याय किंवा टिपेची जागा शोधा.

जीमॅटबाबत एक नवी भानगड झाली आहे. आताच्या परीक्षेचा स्कोअर २०५ ते ८०५ असतो आणि नेहमी ५ वर संपतो, जुन्याचा २०० ते ८०० आणि शून्यावर संपायचा. नव्याचा ६४५ साधारण जुन्या ७०० च्या तोडीचा. फॉर्ममधल्या रकान्याचं माप जुनं असेल आणि त्यात ६४५ घातला, तर तो उगाच कमी वाटतो. परीक्षेची आवृत्ती कुठेतरी नक्की नमूद करा.

रेझ्युमे अमेरिकी लेटर आकाराच्या पानावर बसवा, म्हणजे ८.५ बाय ११ इंच. ए-४ वर काठोकाठ बसवलेला मजकूर तिकडे छापताना खालून कापला जाऊ शकतो. फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक, दहावी-बारावीचे गुण काढून टाका. लाख-कोटी तिकडच्या वाचणाऱ्याला कळत नाहीत, ‘४ कोटी रुपये’ हे ‘४० मिलियन रुपये’ असं लिहा. आणि ‘जबाबदार होतो’ची सवय मोडा. समजा तुम्ही चाकणच्या एका कारखान्यात प्लॅनिंग पाहता. ‘तीन लाइनच्या उत्पादन नियोजनाची जबाबदारी’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘साचे बदलण्याचा क्रम नव्याने लावून एका लाइनचा बदलाचा वेळ ५२ मिनिटांवरून ३१ वर आणला, नंतर तोच क्रम उरलेल्या दोन लाइनवर लागू झाला’ या ओळीत अडचण, तुमचं काम आणि निकाल तिन्ही आले. केस इंटरव्ह्यूत विचार असाच मांडायचा असतो, म्हणून रेझ्युमे वाचणारा हेच हुडकतो.

ऑफिसच्या पसंतीला खरं कारण द्या: शाळेचं शहर, जोडीदाराची नोकरी, एखाद्या उद्योगाचं तिथलं केंद्र. प्रत्येकाने न्यूयॉर्क लिहायलाच हवं असं नाही.

आता तो प्रश्न: ‘आत्ता किंवा भविष्यात व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का?’ पदवीनंतर काम करायची मुभा देणाऱ्या ओपीटीचे १२ महिने आणि अभ्यासक्रम स्टेमखाली (विज्ञान, तंत्रज्ञान, गणित वगैरे विषयांच्या सरकारी यादीत) येत असल्यास आणखी २४, म्हणून ‘नाही’ टिचकावणारे बरेच असतात. ‘भविष्यात’ हा शब्द तिथे मुद्दाम घातलेला आहे. पुढे एच-१बी, म्हणजे कंपनीने अर्ज करून मिळणारा नोकरीचा व्हिसा, लागणार असेल तर उत्तर ‘हो’. ‘नाही’ लिहून पुढे ऑफरच्या वेळी उघडं पडलं, तर मामला चुकीच्या माहितीचा होतो. अभ्यासक्रम स्टेममध्ये आहे का ते आय-२० वरच्या सीआयपी कोडवरून, म्हणजे विषयाच्या ठरलेल्या क्रमांकावरून, कळतं. अनेक शाळांच्या एमबीएचा ५२.१३०१, म्हणजे मॅनेजमेंट सायन्स, हा कोड स्टेममध्ये मोडतो.

निवड झाल्यावर

ईमेलमध्ये उपस्थिती कळवायची मुदत असते आणि ती कधीकधी दोन-चार दिवसांचीच असते. स्पॅम फोल्डर रोज पाहा. प्रत्यक्ष कार्यक्रमाचा प्रवासखर्च बरेचदा कंपनी उचलते, पण भारतातून निघणारं तिकीट त्यात धरलंय की फक्त अमेरिकेतलं, हे लेखी विचारल्याशिवाय काही बुक करू नका. खर्च नंतर परत मिळणार असेल तर मूळ पावत्या जपा.

नोकरीत ९० दिवसांचा नोटीस पीरियड असेल तर राजीनाम्याची तारीख शिबिरावरून मागे मोजून ठरवा. वर्गाच्या तारखेवरून मोजलीत, तर शिबिराच्या आठवड्यात तुम्ही अजून हँडओव्हर देत असाल. ऑनलाइन शिबिर पहाटेचं असेल तर त्या दिवसांची रजा आधी टाका. कॅमेरा चालू ठेवून तीन तास केस सोडवून नऊ वाजता ऑफिसला हजर होणं कागदावर जमतं, तिसऱ्या दिवशी जमत नाही.

कार्यक्रमात इंटर्नशिपची लवकर मुलाखत मिळाली तर ती घेण्याआधी एक प्रश्न रिक्रूटरला विचारा: इथे नकार आला तर हिवाळ्यातल्या नेहमीच्या फेरीत त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करता येतो का? काही कंपन्यांत नापास झालेल्याला ठरावीक काळ थांबावं लागतं. केसचा सराव कच्चा असेल आणि उत्तर ‘नाही’ आलं, तर लवकरची मुलाखत सोडून जानेवारीची धरलेली बरी.