नॉकनारेचं थडगं: नाव राणीचं, दगड तिच्या कितीतरी आधीचे

आयर्लंडच्या वायव्येला स्लायगो नावाचं शहर आहे, त्याच्या पश्चिमेला समुद्राला लागून नॉकनारे. उंची फक्त ३२७ मीटर, म्हणजे सह्याद्रीत फिरणाऱ्याला ही टेकडीच वाटेल, पण तीन बाजूंनी पाणी आणि आजूबाजूला सखल जमीन असल्यामुळे लांबूनच दिसते आणि तिच्या माथ्यावरचा दगडांचा ढीगही दिसतो. ढीग म्हणजे साधासुधा नाही, साधारण ५५ मीटर रुंद आणि १० मीटर उंच, सगळे सुटे दगड, चुना नाही की माती नाही.

लोक याला मेव राणीचं थडगं म्हणतात. ही मेव म्हणजे कॉनॉटची, म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम भागाची, दंतकथेतली राणी, नवऱ्याकडे एक जबरदस्त बैल होता आणि आपल्याकडे त्याच्या तोडीचा नाही म्हणून तसा बैल आणायला उत्तरेच्या अल्स्टरवर थेट फौज घेऊन गेलेली बाई! गाईगुरांवरून लढाया हे आपल्याला नवीन नाही, विराटाच्या गाई पळवल्या तेव्हा काय झालं ते माहितीये आणि गावोगावच्या वीरगळांवर खालच्या चौकटीत गाई असतातच. तर ही मेव मेल्यावर तिला म्हणे उभंच पुरलं, हातात भाला, तोंड अल्स्टरच्या शत्रूकडे.

गोष्ट झकास आहे पण हिशोब जुळत नाही. कथांमधला मेवचा काळ साधारण इसवी सनाच्या सुरुवातीचा धरतात आणि हा ढीग इसवी सनपूर्व ३००० च्या आसपासचा, म्हणजे मधे तीन हजार वर्षं. बांधणारे लोक नवाश्मयुगातले, शेती करणारे, लोखंड सोडा साधं तांबंही त्यांच्याकडे नव्हतं. आणि त्यांच्याही आधीपासून हा डोंगर मृतांचा होता, कारण २०१३ मध्ये इथल्याच एका गुहेत माणसाच्या हाडांचे बारीक तुकडे सापडले, एक प्रौढ आणि एक लहान मूल, दोघांच्या मधे काही शतकांचं अंतर.

आता संरक्षणाचं. १९व्या शतकात रॉजर वॉकर नावाचा इथला जमीनदार जुन्या वस्तूंच्या नादी लागला, मोठ्या ढिगाच्या शेजारची छोटी थडगी आणि पायथ्याजवळच्या कॅरोमोरची बरीच थडगी त्याने उकरली, नोंदी जेमतेम, आणि मिळालेला ऐवज शेवटी इंग्लंडमधल्या एका ड्यूकच्या किल्ल्यात गेला. मोठा ढीग मात्र वाचला, बहुतेक आकारामुळेच, एवढे दगड उपसणार कोण. पुढे १८८२ मध्ये ब्रिटिश संसदेने प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा केला, त्याच्या यादीत आयर्लंडची मोजकीच ठिकाणं होती आणि त्यात नॉकनारे होतं. (आपल्याकडे तसा कायदा कर्झनच्या काळात १९०४ ला आला. नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळं त्याच्या कितीतरी आधी रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने उकरून बघितली होती आणि त्यांची तुलना युरोपातल्या थडग्यांशी केली होती.)

आजपर्यंत या ढिगाच्या पोटात कुणी रीतसर उत्खनन केलेलं नाही. आजूबाजूची अशी थडगी बघता आत दगडी बोळ आणि टोकाला खोली असणार असा अभ्यासकांचा अंदाज आहे, पूर्व आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या प्रसिद्ध थडग्यात आहे तसं. मला विचाराल तर नाही उकरलं ते बरंच झालं, न्यूग्रेंजला १९६२ ते ७५ खोदकाम झालं, माहिती भरपूर मिळाली, पण नंतर थडग्याच्या दर्शनी बाजूला जी पांढऱ्या गारगोटीची भिंत उभी केली ती मूळची तशी होती का यावरून अजून भांडणं चालू आहेत. आणि आता न खोदताही बरंच कळतं, २०२० मध्ये जुन्या हाडांच्या डीएनएवरून न्यूग्रेंजमधल्या माणसाचं कॅरोमोर आणि स्लायगोतल्याच कॅरोकीलच्या थडग्यांतल्या लोकांशी लांबचं नातं निघालं, ती हाडं कधीचीच संग्रहात पडून होती.

सध्याचा त्रास चोरांचा नाही, ट्रेकर्सचा आहे. पायथ्यापासून एक दगड वर नेऊन ढिगावर ठेवायचा अशी जुनी रीत, वरचा दगड घरी नेला तर वाईट होतं अशीही समजूत, ती एका अर्थी उपयोगाचीच. पण लोक ढिगावरच चढतात, दगड घसरतात, आणि वर चढू नका असं सांगावं लागतं. २०२३ मध्ये आयर्लंडने स्लायगोच्या या सगळ्या थडग्यांचा परिसर युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीसाठी दिला, पक्कं नाव लागायला वर्षं जातील, गर्दी मात्र त्याच्या आधीच वाढणार असं मला तरी वाटतं.