ऑपरेशन एकाचं, ताट दोघांचं

रविवारी सकाळी तर्री-पोहे खायला जायचं, हा प्रतापनगरातल्या एका जोडप्याचा लग्नापासूनचा नेम. घर कल्पनेतलं आहे, पण असं घर नागपुरात कुठल्याही गल्लीत सापडेल. बायकोचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झालेत. ती तीन चमचे खाते आणि प्लेट बाजूला सरकवते.

"काहून गं, झालं एवढ्यात?"

"अहो, पोट भरलं ना."

"दोन घास तर खाल्ले तू!"

त्याला वाटतं, ही मन मारून राहिली आहे, किंवा आता आपल्यासोबत खाण्यात तिला गोडी उरली नाही. दोन्ही खरं नाही. तिच्या पोटात काय घडलंय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आपल्याकडे सर्रास होणाऱ्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. जठराचा वरचा फुगीर भागही यात जातो, आणि भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधलं. 'बायपास' या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराची जेमतेम ३० मिलिलीटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न आतड्यात लवकर पोचतं, जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरकं जास्त प्रमाणात सुटतात. थोडक्यात, ती भूक दाबून ठेवत नाही. तिची भूकच पूर्वीची राहिलेली नाही. बायपासनंतर गोडाचंही तसंच. प्रेमानं भरवलेल्या संत्रा बर्फीच्या एका तुकड्यानंतर दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ असा त्रास होऊ शकतो. डॉक्टर याला 'डंपिंग' म्हणतात. नवऱ्याला मात्र दिसतो तो फक्त नाकारलेला घास.

आपल्या संसारात माया बरीचशी ताटातूनच व्यक्त होते. पाटवडीचा रस्सा पुन्हा वाढणं, गोळाभातावर तेलाची धार थोडी जास्त सोडणं, "माझ्यासाठी एक घास" म्हणणं. ऑपरेशननंतर ही सगळी भाषा एका झटक्यात बंद पडते, आणि तिच्या जागी दुसरी यायला वेळ लागतो.

रुग्ण बाई असेल तर गोष्ट आणखी अवघड, आणि मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं घेऊन अडीच वाजता जेवायला बसायचं, ही सवय आता तिला परवडत नाही. तिला दिवसाला साधारण ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिनं हवीत, तीही थोडी थोडी, ठरल्या वेळी, सावकाश चावून. जेवताना पाणी प्यायचं नाही, आगेमागे अर्धा तास अंतर ठेवायचं. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या. म्हणजे ज्या घरात ती सर्वांत शेवटी जेवायची, तिथे तिला आधी जेवावं लागणार. डॉक्टरांच्या कागदावर ही एक साधी ओळ असते; घरात मात्र वर्षानुवर्षांचा क्रम उलटतो.

हा बदल घरानं स्वीकारला तर त्याचा फायदा इतरांनाही होतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली रुग्णांच्या नातेवाइकांची वजनं पाहिली. अभ्यास छोटा होता, पण ऑपरेशन न झालेल्या लठ्ठ नातेवाइकांचंही वजन वर्षभरात सरासरी साडेतीन किलोंच्या आसपास उतरलं होतं.

बदल स्वयंपाकघरापुरते राहत नाहीत. वजन उतरलं की बऱ्याच जणांचं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं कमी होतं. वर्षानुवर्षं वेगळ्या खोलीत झोपणारी जोडपी पुन्हा एका खोलीत येऊ शकतात. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढतं. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडानं पाळी अनियमित होण्याचा त्रास, असलेल्या स्त्रियांची पाळी नियमित होऊ लागते, बीजनिर्मिती परतते. नेमकं इथेच घरात खटके उडू शकतात. मूल होत नाही म्हणून ऑपरेशन केलेलं असतं, आणि डॉक्टर सांगतात की १२ ते १८ महिने दिवस जाऊ देऊ नका. वजन भराभर उतरत असताना आईच्या शरीरात पोषण कमी पडतं, ते गर्भालाही भोगावं लागतं. सासरच्यांना हे आधीच सांगितलेलं नसेल, तर सगळा दोष सुनेच्या माथी येतो.

मग लग्नं मोडतात का? स्वीडनमधल्या दोन मोठ्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटात ऑपरेशन झालेल्यांमध्ये, न झालेल्या लठ्ठ लोकांच्या तुलनेत, घटस्फोट किंवा ताटातुटीचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी जास्त होतं. आकडा ऐकून घाबरायला होतं, म्हणून तो नीट समजून घेऊ. शंभरातली १० जोडपी एरवी वेगळी झाली असती असं उदाहरणापुरतं धरलं, तर ऑपरेशननंतर ती १३ होतील. बाकीची ८७ एकत्रच राहतील. त्याच अभ्यासात एकट्या लोकांना जोडीदार मिळण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. वजन जितकं जास्त उतरलं, तितके हे बदल ठळक दिसले. "मला दुसरं कोण विचारणार" म्हणून सोसत राहिलेल्या माणसाला आता स्वतःची किंमत कळली, हेही त्यामागचं एक कारण असू शकतं. तसं असेल, तर अशा घटस्फोटाला ऑपरेशनचा दुष्परिणाम म्हणायला माझं मन तयार होत नाही.

स्वीडनचा आकडा नागपूरला जसाच्या तसा लागू होणार नाही. इथे दुरावा कोर्टापर्यंत क्वचित जातो. तो एकाच छताखाली अबोल्यानं राहतो. म्हणूनच धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यात तपासणीला एकट्यानं जाऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं. आहारतज्ज्ञांसमोर दोघांनी बसावं. पहिले काही आठवडे फक्त पातळ पदार्थ असताना घरात फोडणीचा वास येणार, तेव्हा काय करायचं? ऑफिसला डबा कोण देणार? मूल किती दिवसांनी? हे प्रश्न तिथेच विचारावेत. आणि घरात सासूबाई असतील तर त्यांनाही सोबत न्यावं. "एवढंच का वाढून घेतलं?" असं त्याही विचारतात, आणि तेही मायेनंच.