पाळी, लघवी आणि ‘उन्हाळी’चा गैरसमज

नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेला, की घरोघरी एक निदान ठरलेलं: पाळीच्या तोंडावर पोरगी दोनदा जास्त बाथरूमला गेली, म्हणजे तिला ‘उन्हाळी लागली’. मग सब्जा, धन्याचं पाणी, आणि वर आजीचा हुकूम, ‘पाणी कमी पी, म्हणजे जावं नाही लागणार.’

सब्जाबद्दल माझी तक्रार नाही. हुकूम मात्र उलटा आहे.

मूत्राशय गर्भाशयाला अगदी खेटून, त्याच्या पुढ्यात असतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ओळखणारे रिसेप्टर मूत्रमार्गातही असतात. पाळीआधी ही दोन्ही हार्मोन्स घसरतात, तेव्हा काही जणींना घाई जास्त जाणवते, खोकताना थेंब सुटतो. पाळीआधी अंगावर सूज धरणाऱ्या बऱ्याच जणींच्या शरीरातलं साठलेलं पाणी पाळी सुरू झाल्यावर लघवीवाटे उतरतं. यात उन्हाचा दोष नाही.

पाणी तोडलं की लघवी गडद होते, जळजळ वाढते, जंतुसंसर्गालाही वाव मिळतो. सीताबर्डीत खरेदीला जायचं म्हणून सकाळपासून घोटभरही न पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत; स्वच्छतागृह सापडत नाही हे त्यांचं खरं दुखणं, आणि त्याला सब्जा काय करणार?

पण जळजळ टिकली, ताप आला, पाळी नसताना लघवीत रक्त दिसलं, तर ‘उन्हाळी’ म्हणून थांबू नका. लघवीची साधी तपासणी करून घ्या.