गटात नेमकं काय चाललंय?

वर्गात सहा गट आणि शिक्षक एकच. ते तिसऱ्या गटापाशी वाकलेले असताना पाचव्या गटात एकटी मुलगी तक्ता भरते, बाकीचे तिघे पेन फिरवत बसतात. गुण मात्र चौघांना सारखेच. हे कसं ओळखायचं, हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे.

हार्वर्डच्या रॉबर्ट बेल्स यांनी १९५० मध्ये गटचर्चा मोजण्याची पद्धत मांडली. एकतर्फी काचेआड बसलेले निरीक्षक प्रत्येक बोलणं बारा प्रकारांपैकी एकात टाकत: सहमती दिली, मत विचारलं, तणाव दाखवला. संशोधकाला हे जमलं. फळ्यापुढे उभ्या माणसाला जमणं शक्यच नव्हतं.

१९८०च्या दशकात टोरोंटोमध्ये मार्लीन स्कार्डमालिया आणि कार्ल बेरायटर यांनी मुलांच्या टिपणांसाठी सामायिक संगणकीय फलक उभारला. आता गटाचं काम आपोआप माग ठेवू लागलं. पुढे ऑनलाइन दस्तऐवजांत कोणी कधी काय टाइप केलं, हेही दिसू लागलं. पण तिघं सांगतात आणि चौथा टाइप करतो, तेव्हा नोंद चौथ्याचीच होते!

२०११ मध्ये कॅनडातल्या बॅन्फला शिक्षण-विश्लेषणाची, म्हणजे मुलांच्या शिकण्याच्या नोंदी गोळा करून तपासण्याच्या शास्त्राची, पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि आलेख, डॅशबोर्ड यांचा सुकाळ झाला. भर तासाला ते बघायचे कधी, हे फारसं कोणी विचारलं नाही. माझ्या मते याचं शहाणं उत्तर त्याआधीच सापडलं होतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे पिएर दिलेनबूर्ग यांच्या चमूने प्रत्येक गटाच्या टेबलावर एक दिवा ठेवला. रंगावरून गट कितव्या उदाहरणावर आहे ते कळे. मदत हवी असली की मुलं दिवा दाबत, तो लुकलुकू लागे. वाट पाहणं लांबलं की लुकलुक वाढे. शिक्षकाने फक्त मान वर करायची. दिवा कोणालाच गुण देत नव्हता.

आता माईक आणि बोलणं ओळखणारी प्रणाली आली आहे. तिच्याबरोबर मुलांच्या खासगीपणाचा प्रश्नही आला. चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून भावना ओळखणाऱ्या प्रणालींना युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता, शिक्षणसंस्थांत बंदी घातली आहे. आणि बोलण्याचं म्हणाल, तर चौघं एकावर एक बोलत असताना आणि शेजारचे पाच गट कल्ला करत असताना, हे कोण बोललं, इथेच यंत्र अजून अडखळतं.