अप्रिय कामांतील चालढकल आणि तिचे निवारण

अप्रिय कामांतील चालढकल : जे काम करायलाच हवे हे कर्त्याला ठाऊक असते आणि लांबवल्यास आपलेच नुकसान होईल हेही कळत असते, ते काम बाहेरचा कोणताही अडथळा नसताना पुढे ढकलत राहण्याची प्रवृत्ती. प्रत्येक विलंबाला चालढकल म्हणता येत नाही. पावसानंतर रानात वाफसा येईपर्यंत पेरणीसाठी थांबणारा करवीर तालुक्यातील शेतकरी विचारपूर्वक थांबतो; तोच शेतकरी कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या थकबाकीची नोटीस न फोडता कपाटात ठेवून देतो, तेव्हा मात्र ती चालढकल ठरते. आळसाशीही तिची गल्लत करू नये. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दिवसभर लेथ यंत्रावर उभा राहून सुटे भाग काढणारा कारखानदार अंगमेहनतीला मागे सरत नाही, पण जुन्या गिऱ्हाइकाकडे थकलेली उधारी मागण्याचा पाच मिनिटांचा फोन महिनोन्महिने टाळतो, कारण त्या पाच मिनिटांतला संकोच त्याला दिवसभराच्या कष्टापेक्षा जड वाटतो.

मानसशास्त्रातील आजची समजूतही याच दिशेची आहे. पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरील उपलब्ध संशोधनांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. कामाचा नकोसेपणा, फळ मिळण्यास लागणारा काळ, हे आपल्याला जमेल या विश्वासाचा अभाव आणि उतावळा स्वभाव यांचा चालढकलीशी ठळक संबंध त्यात आढळला. फ्यूशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडणी केली की चालढकल ही मुळात वेळेच्या नियोजनातील त्रुटी नसून तात्पुरती मनःस्थिती सांभाळण्याचा मार्ग आहे. काम पुढे ढकलले की त्या क्षणी जिवाला बरे वाटते, आणि हेच बरे वाटणे सवय पक्की करते. डायन टाइस आणि रॉय बॉमाइस्टर यांच्या १९९७ मधील अभ्यासात चालढकल करणारे विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा कमी तणावात होते, तर सत्राअखेरीस त्यांचा ताण आणि आजारपणे इतरांपेक्षा वाढली व गुणही कमी पडले. केवळ वेळापत्रक आखून देणारे उपाय अनेकदा निष्फळ ठरतात ते यामुळेच : वेळापत्रकात वेळ असते, पण त्या वेळी मनात येणाऱ्या नकोशा भावनेचे काय करायचे, याची तरतूद नसते.

कोल्हापूर जिल्ह्यातील घराघरांत आढळणारे याचे उदाहरण म्हणजे सात-बाऱ्यावरील वारस नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाहक्काने जमीन मिळालेल्या व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची असते. प्रत्यक्षात आजोबांच्या नावावरची जमीन नातवंडे कसत असल्याचे चित्र नवलाचे नाही. अर्ज अवघड नसतो. अवघड असते ते भावाशी बोलणे, बहिणींची नावे लावण्याचा विषय काढणे आणि नुकत्याच गेलेल्या माणसाचा मृत्यूदाखला हातात घेऊन कचेरीत उभे राहणे. ‘बघू की दिवाळीनंतर’ या एका वाक्यावर वर्षे निघून जातात. या दिरंगाईचा विशेष असा की तिच्याबरोबर काम स्वतःच वाढत जाते. एखादा वारस मरण पावतो, त्याचे वारस पुणे-मुंबईकडे असतात, सह्या जमवायच्या असतात आणि जे काम एका बैठकीत संपले असते ते भावकीचे प्रकरण बनते. अशा वेळी उपयोगी पडतो तो कामाची व्याख्याच लहान करण्याचा उपाय. ‘वारस नोंद करणे’ हे एक काम नसून कामांची रांग आहे, आणि तिच्यातील पहिले, मृत्यूदाखल्याची प्रत मिळवणे, कोणाशीही वाद न घालता एकट्याने करता येते. पुढचा अर्ज ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवरून घरबसल्या भरता येत असल्याने कचेरीत जाण्याचा कंटाळा हे कारणही आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. पहिली पायरी इतकी लहान असावी की ती टाळण्यासाठी सबब शोधणे हेच अधिक कष्टाचे व्हावे.

दुसरा उपाय मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या नावाशी जोडला जातो. १९९९ मधील लेखात त्यांनी दाखवले की ‘मी हे काम करीन’ या मोघम संकल्पापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे आधीच ठरवलेले वाक्य अधिक परिणामकारक ठरते. २००६ मध्ये पास्कल शीरन यांच्यासह त्यांनी ९४ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हाही हा परिणाम मध्यम ते मोठ्या स्वरूपाचा आढळला. कोल्हापूरकरांना ही रीत समजावून सांगावी लागू नये, कारण पंचगंगेच्या काठी ती पुराचा इशारा देणाऱ्या सरकारी व्यवस्थेचाच भाग आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. धान्याची पोती माळ्यावर चढवणे, जनावरे हलवणे, राहते घर सोडून नातेवाइकांकडे जाणे ही कामे कोणालाच नको असतात, आणि पाणी चढत असताना निर्णय घ्यायचा ठरवल्यास मन हमखास थांबण्याची बाजू घेते. २००५ मध्ये पाणी इथवर आले नव्हते, हा हिशेब २०१९ च्या महापुरात चुकला. ‘इशारा पातळी गाठली की जनावरे हलवायची’ असे कोरड्या दिवसांत ठरवून ठेवलेल्या घराला मात्र ऐनवेळी स्वतःच्या मनाशी वाद घालावा लागत नाही. करविवरण भरण्यापासून दातांच्या डॉक्टरकडे जाण्यापर्यंतच्या कामांनाही हाच नियम लागू करता येतो, फक्त खूण स्वतः निवडावी लागते, आणि ती ‘मोकळा वेळ मिळाल्यावर’ अशी मोघम असून चालत नाही.

सोबत हा तिसरा आधार. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमींत पहाटे सुरू होणारी मेहनत ही शरीराला सुखावणारी गोष्ट नव्हे. तरीही उठायचे की नाही हा प्रश्न पैलवानापुढे रोज नव्याने येत नाही, कारण जोडीदार मातीत उतरलेला असतो आणि कोण आले नाही हे वस्तादांच्या लक्षात येते. स्पर्धापरीक्षेच्या उमेदवारांनी भरलेल्या शहरातील अभ्यासिका याच तत्त्वावर चालतात. तेथे एक पळवाट मात्र नेहमी आढळते : गणिताची भीती असलेला उमेदवार तासन्‌तास इतिहास वाचत बसतो. खुर्ची भरलेली दिसते, परंतु टाळलेले काम टाळलेलेच राहते. म्हणून सोबत्याला आपण आज नेमके कोणते काम करणार आहोत, हे आधी सांगणे आवश्यक असते.

दंड आणि सवलत यांचा उपयोग मर्यादित दिसतो. घरफाळा मुदतीपूर्वी भरणाऱ्यास सवलत आणि उशीर करणाऱ्यास दंड ही पद्धत पैशाच्या व्यवहारात चालते, पण जेथे टाळाटाळीच्या मुळाशी लाज किंवा भीती असते, तेथे वाढत जाणारा दंड ती भीती आणखी वाढवतो. स्वतःला दूषणे देण्याबाबतही तेच म्हणता येईल. मायकेल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांच्या २०१० मधील अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या तयारीत केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढील परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. आपल्याकडच्या घरांत आणि शाळांत ‘आळशी’ हे विशेषण ज्या सढळपणे वापरले जाते, ते पाहता हा निष्कर्ष वडीलधाऱ्यांना पटणे कठीण आहे. पण काम आठवले की शरमही आठवणार असेल, तर ते काम पूर्वीपेक्षा अधिकच अप्रिय होते, हे उघड आहे.

या सर्व उपायांची व्याप्ती सर्वसामान्य चालढकलीपुरती आहे. आंघोळ, जेवण, कामावर जाणे अशा साध्या गोष्टीही आठवडेच्या आठवडे अशक्य वाटू लागल्या, झोप आणि भूक बदलली, किंवा लहानपणापासूनच कोणतेही काम तडीस नेणे कठीण जात असेल, तर त्यामागे नैराश्य अथवा अवधान-अस्थिरतेचा विकार (एडीएचडी) असू शकतो. तेथे युक्त्या पुरत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागते; आणि हा दवाखान्याचा फेरादेखील लोक बहुधा पुढे ढकलत असल्याने, त्याची वेळ ठरवण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणी अंगावर घेणे सोयीचे ठरते.