बालचित्रकला व भावाभिव्यक्ती

मुलांना आपले अनुभव आणि भावना रेषा, आकार व रंग यांतून मांडता याव्यात यासाठी केले जाणारे चित्रकलेचे अध्यापन. हुबेहूब चित्र काढण्याचे कौशल्य त्यात दुय्यम असते. मुलांच्या चित्रांना स्वतःचे नियम असतात, ही दृष्टी व्हिएन्नात १८९७ मध्ये मुलांचा कलावर्ग सुरू करणाऱ्या फ्रान्झ चिझेक यांच्या कार्यातून रुजली; पुढे कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांतील वाढीचे टप्पे मांडले. दोन ते चार वर्षांचे मूल रेघोट्या ओढते, त्यानंतर डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस अवतरतो आणि सातव्या वर्षाच्या सुमारास कागदावर जमिनीची रेघ येते.

या वयात आकार मापावर नव्हे, महत्त्वावर ठरतो. इंदूरच्या मुलाने रंगपंचमीच्या गेरीचे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे, चित्र काढले, तर रंगाचे पाणी उडवणारा टँकर सात मजली राजवाड्याहून मोठा होऊ शकतो, कारण अंगावर आलेला फवारा त्याच्या मनात राजवाड्यापेक्षा मोठा असतो. मराठी घरांत चैत्रात काढल्या जाणाऱ्या रांगोळीत, म्हणजे चैत्रांगणात, सूर्य, कासव आणि गौरीचा पाळणा एकाच मापाचे असले तरी कोणी हरकत घेत नाही. मुलाच्या वहीवर मात्र मोठ्यांचे खोडरबर लगेच चालते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडी हे घोकलेले निसर्गचित्र बहुधा अशाच दुरुस्त्यांतून घडते.

दत्तात्रय देवळालीकर यांनी १९२७ मध्ये इंदुरात उभारलेल्या कलाशाळेत चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांच्याप्रमाणेच विष्णू चिंचाळकरही (१९१७–२०००) घडले. ‘गुरुजी’ म्हणून ओळखले गेलेले चिंचाळकर वाळकी पाने, काटक्या व टाकाऊ वस्तूंमध्ये दडलेले चेहरे आणि पशुपक्षी मुलांना दाखवत. आकार आधीच हाती असल्याने ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाचाही हात या रीतीने मोकळा होतो.

‘हे काय आहे?’ असे विचारले की मूल विचारणाऱ्याला पटेल असे एखादे नाव सांगून मोकळे होते. ‘इथे काय चाललंय, सांग बरं’ म्हटले की गोष्ट सुरू होते. काळा रंग म्हणजे दुःख, हे समीकरण भाबडे आहे. पेटीत तेवढाच मेणखडू न मोडलेला असू शकतो. एकट्या चित्रावरून मुलाच्या मनाचे निदान करता येत नाही, म्हणून जाणते शिक्षक प्रत्येक चित्राच्या मागे तारीख आणि मुलाने स्वतः सांगितलेले वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून ठेवतात.